नदीकाठचे सात गडी

जनावरांना हुतुतूचं वेड होतं, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. माळावरच्या सशांत लंगडा धोंडबा गडी घडवायचा. नदीकाठच्या सशांना मरायच्या आत एकदा तरी हरवायचं, एवढीच त्याची आस होती.

नदीकाठी खाण्यापिण्याची चंगळ. तिथला पुढारी गबदूल दरसाल येऊन हसतमुखाने विचारायचा, "काय काका, माल तयार आहे का?" आणि रोजचे दोन रसाळ कंद कबूल करून धोंडबाचा तयार गडी घेऊन जायचा. व्यवहारात खोट काढायला जागा नव्हती. माळावर कुसळांशिवाय होतं काय? यंदा लाडका झिपऱ्याही निघाला.

"काका, पोटाला मिळतंय हो."

"जा बाबा. चढाईत दम मात्र जपून वापर."

त्या सालच्या माळ-नदीकाठ सामन्यात नदीकाठचे सातही गडी धोंडबाच्याच हातचे होते. माळावरची कच्ची पोरं पहिल्याच डावात बाद झाली. पुढच्या साली माळाचा संघच उभा राहिला नाही, आणि सामनाच नाही म्हटल्यावर बघायलाही कुणी फिरकलं नाही.

एका संध्याकाळी धोंडबाच्या कानावर ओळखीचं "हुतुतूतू" आलं. चांगला गुबगुबीत झालेला झिपऱ्या एकटाच रेघ ओलांडून आला होता आणि धरायला कुणी येतंय का, ते बघत रिकाम्या मैदानात घुमत होता. धोंडबा लंगडत गेला आणि त्याचा पाय घट्ट धरला.

"जोर लाव की, लेका!"

झिपऱ्याचा दम सरला, तरी त्याने पाय काही सोडवून घेतला नाही.