सभापतींचं दार

सभापती होते तोवर हैबतरावांनी गाडीचं दार स्वतः कधी उघडलं नाही. गाडी थांबली की चार हात धावत यायचे. पद गेलं, मागोमाग ड्रायव्हर गेला. आता गाडी पत्नी इंदुमतीबाई चालवत. राव मात्र अजूनही ऐटीत मागेच बसत आणि बाईंनी दार उघडेपर्यंत उतरत नसत.

पुतणीच्या लग्नाला दोघं पोचली. बाई उतरून मांडवात गेल्या. कोणी हार घेऊन येईल म्हणून राव गाडीतच थांबले. कुत्रंही फिरकलं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली तसं त्यांनी दार ढकललं, तर उघडेना. शेवटी बायकोला फोन लावला.

बाईंनी येऊन बाहेरून दार उघडताच राव गरजले, "कालच गाडी गॅरेजातून आणली ना? त्या गॅरेजवाल्याचं दुकानच बंद करतो!"

"अहो, बिघडलंय कुठं?" बाईंनी दाराच्या कडेची इवलीशी कळ दाखवली. "लहान पोरानं आतून दार उघडू नये म्हणून असते ही. नातवासाठी तुम्हीच लावायला सांगितली होती. तो आता कॉलेजात जातो."

"मग इतकी वर्षं मला कसं कळलं नाही?"

बाई हसल्या. त्यांनी कळ फिरवली, दार पुन्हा लावलं आणि काचेतून म्हणाल्या, "काढली हो. आता मोठे झालात. उतरा आपले आपण."