चौथी वाटी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत आणि माणसं ऐकूनही घेत. आता दोन्ही बंद झालं.

डोंगराच्या अलीकडे एका गावात एक उतावळा माणूस राहत होता. उतावळा म्हणजे किती? भाकरी तव्यावर फुगायच्या आत हा ती खाऊन हात धुवायचा. अर्धी दाढी करून बाजाराला जायचा, उरलेली परत आल्यावर. अखेर बायको वैतागली आणि डोंगरापलीकडे माहेरी निघाली. उंबऱ्यात थांबून म्हणाली,

"अहो, अंगणात तुमचा रथ वर्षभर खिळखिळा पडलाय. एक तरी काम पुरं करून दाखवा. पौर्णिमेला सूर्य मावळायच्या आत तो माझ्या बापाच्या दारात आणा, मी येऊन बसेन. नाही आणलात, तर मी तिथलीच."

रथाला चार चाकं, दोन आस. आसाचं प्रत्येक टोक काशाच्या दोन अर्ध्या वाट्यांमध्ये फिरे, एक खालून आणि एक वरून. जुन्या वाट्या झिजून गेल्या होत्या. गावातल्या म्हाताऱ्या ओताऱ्याने नव्या ओतून दिल्या, आणि वर मेणाचा एक गोळा दिला.

"लेका, आस आणि वाटी यांच्यात वंगणापुरती फट हवी. फार झाली तर रथ खडखडेल, कमी पडली तर आस अडकेल. मेणाची बारीक वात वळ, आसावर ठेव, वरची वाटी पाचरी ठोकून आवळ, मग उघडून बघ. वात चेपून ज्वारीच्या दाण्याएवढी रुंद झाली, तर फट बरोबर. त्याहून रुंद झाली, तर वाटी आतून घास."

"चारही ठिकाणी, काका?"

"चाकं किती तुझ्या रथाला?"

"चार."

"मग विचारतोस काय?"

पौर्णिमेच्या सकाळी तो कामाला बसला. बसला कसला! पाचर ठोकली की उठे, फाटकापर्यंत जाऊन सूर्य बघे, परत येई, हातोडा शोधे, तो त्याच्याच हातात असे. पहिली वाटी उघडली: ज्वारीचा दाणा. दुसरी: ज्वारीचा दाणा. तिसरी उघडेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. तिथेही ज्वारीचा दाणा. त्याने उडी मारली आणि जू उचललं.

"धनी, चौथी राहिली," जोडीतला म्हातारा बैल म्हणाला.

"तिन्ही बरोबर आल्या ना? एकाच हाताने, एकाच साच्यात ओतल्यात. चौथी काय आभाळातून पडली?"

"तुम्हीही चार भाऊ, एकाच आईचे. बाकीचे तिघं भाकरी फुगू देतात."

"तू ओढ. बोलू नकोस."

बैलाने ओढलं. घाटाच्या मध्यावर चौथ्या चाकाकडून किंचाळी आली, मग धूर. वाटी इतकी तापली, की वाटेवरच्या एका धनगराने तिच्यावर भाकरी टाकली. आणि ती फुगली बरं का! मग आस जो अडकला, तो हलेना. बैल खाली बसला. वाटी निवायची वाट बघत हा उठला, बसला, फेऱ्या मारल्या, फुंकर घातली. वाटीला कुणाची घाई नव्हती. समोर सूर्य मावळला.

वाटी थंड झाल्यावर त्याने वात ठेवून मोजली. चेपून भोपळ्याच्या बीएवढी झाली होती! त्याने कानस काढली. घासली, मोजली, घासली, मोजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रथ सासऱ्याच्या दारात उभा राहिला. एक कुरकुर नाही. बायको अंगणात तांदूळ निवडत होती.

"पौर्णिमा काल झाली," ती मान वर न करता म्हणाली.

त्याने तळहात पुढे केला. त्यावर चार चपट्या वाती होत्या, चारही ज्वारीच्या दाण्याएवढ्या.

"चौथी किती वेळा मोजलीत?"

"नऊ."

तिला हसू आलं, ते तिने पदरात लपवलं. "शब्द म्हणजे शब्द. पुढच्या पौर्णिमेला या."

रिकामा रथ घेऊन तो घाट उतरला. पुढे महिनाभर स्वतःची भाकरी स्वतः भाजली, आणि चुलीपाशी बसून प्रत्येक भाकरी फुगेपर्यंत थांबला. बैल खिडकीतून बघायचा, पण आता त्याला बोलायचं काही उरलं नव्हतं.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, गाठीशी बांधून ठेवा: तीन मोजून चौथं गृहीत धरलं, की मोजलेली तीनही वाया जातात.