पेटी दाखवा

एका गावात एक शिंपी होता. गोष्ट त्याची आहे, पण दोष एकट्या त्याचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर ऐकणारे सगळं खापर त्याच्या माथी फोडून मोकळे होतात.

शिंपी आणि त्याची बायको भाड्याच्या एका खोलीत राहत. खोलीच्या पुढच्या अर्ध्यात कपडे शिवायचे, मागच्या अर्ध्यात चूल. बायकोची इच्छा एकच होती, स्वतःचं घर. मोठं नको, दोन खोल्या पुरेत, फक्त मागच्या दारी कढीलिंबाचं झाड हवं. "फोडणी करायची म्हटलं की कुणाच्या तरी दारात जाऊन दोन काड्या मागायच्या. मला नाही आवडत हो ते," असं ती म्हणे.

त्यासाठी दोघांनी वीस वर्षं पोटाला चिमटा घेतला. साठलेल्या मोहरा चिंध्यांच्या गाठोड्यात लपवलेल्या असत, कारण शिंप्याच्या घरात चोर आलाच तर चिंध्यांना हात लावणार नाही. मोहरा दीडशे झाल्या, तेव्हा गावातल्या कुंभाराने आपली ओढ्याकाठची जागा विकायला काढली. किंमत एकशे ऐंशी.

कुंभार भला माणूस. तो म्हणाला, "दहा मोहरा इसार द्या. बाकीच्या पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला. तोवर जागा तुमचीच समजा, दुसऱ्या कुणाला देणार नाही."

शिंप्याच्या बायकोने त्याच दिवशी फुटक्या घागरीत जपलेलं कढीलिंबाचं रोप नेऊन त्या जागेत लावलं. घर अजून कशातच नव्हतं, पण झाडाची जागा ठरून गेली.

आता उरलेल्या तीस मोहरा वर्षात आणायच्या कुठून? सरकारी खजिना शंभराला चार देई. गावात मात्र चार वर्षांपूर्वी एक नवी पेढी निघाली होती, ती शंभराला वीस देई. तीही अगदी वेळच्या वेळी.

त्या राज्यात पेढ्यांसाठी एक जुना नियम होता. आताच्या राजाच्या आजोबांच्या काळात एक पेढी बुडाली होती आणि तिच्याबरोबर शंभर घरं बुडाली होती. तेव्हा त्या राजाने दगडावर कोरून तो दगड प्रत्येक पेढीच्या दारात बसवायला लावला. दगडावर लिहिलं होतं, 'ठेव ठेवणाऱ्याने आधी म्हणावे, पेटी दाखवा. पेढीवाल्याने तत्काळ उघडून दाखवावी. चावडीच्या तपासनिसाने दर पाडव्याला पेटी मोजावी, मगच दारावर लाखेची मोहोर करावी.' बस्स, एवढाच नियम. लहान मुलालाही कळेल असा.

पण नव्या पेढीचे शेटजी स्वभावाने फार गोड. बारशाला झबलं पाठवत, मयताला खांदा देत, म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार करत. पेढीवर येईल त्याच्या हातावर बेसनाचा लाडू. अशा माणसाला 'पेटी दाखवा' म्हणायचं कसं? पहिल्या वर्षी दोघातिघांनी भीत भीत विचारलं, तेव्हा त्यांनी हसत पेटी उघडली. ती खरोखर भरलेली होती. मग लोकांनाच आपली लाज वाटली. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी नियमाचा दगड लाडू खायला बसण्यापुरता उरला.

शिंपी आणि त्याची बायको एकशे चाळीस मोहरा घेऊन पेढीवर गेले. शेटजी गादीवरून उठून पायऱ्या उतरून आले.

"काका, तुम्ही कशाला त्रास घेतलात? निरोप धाडायचा, मी आलो असतो."

शेटजींच्या बायकोने शिंपीणबाईंची खणानारळाने ओटी भरली. शिंप्याच्या बायकोची आजवर कुणा श्रीमंताच्या घरी अशी ओटी भरली गेली नव्हती. तरी ती नवऱ्याच्या कानाशी लागली, "अहो, पेटी बघायची ना?"

शिंप्याने तिचा हात हळूच दाबला. "गप्प बस. ओटी भरली त्यांनी तुझी. आता असं कसं विचारायचं?"

ती गप्प बसली. मोहरा पेढीत गेल्या आणि हातात कागद आला.

त्याच महिन्यात बाजारात भाजी विकणारी म्हातारी पेढीवर आली. तिच्या लुगड्याच्या गाठीत सात मोहरा होत्या. मोहरा पुढे ठेवून ती म्हणाली, "पेटी दाखव."

पेढीवर बसलेली माणसं दचकली. शेटजी मात्र हसले. "आजी, किल्ली थोरल्या भावाकडे आहे. तो परगावी गेलाय."

"मग भाऊ आला की येते," म्हातारी म्हणाली आणि मोहरा उचलून पुन्हा गाठीत बांधू लागली.

गावात हलकल्लोळ झाला. एवढ्या देवमाणसाचा असा अपमान! महिनाभर कुणी म्हातारीकडून भाजी घेतली नाही. पालेभाजी सुकून जाई, ती गाईंना घाली. गावातर्फे माफी मागायला चारजण शेटजींकडे गेले, त्यात आपला शिंपी सगळ्यांच्या पुढे. परतताना तो मुद्दाम म्हातारीच्या टोपलीपाशी थांबला.

"आजी, तुम्ही त्यांना चोर ठरवलंत."

"मी कुठं चोर म्हटलं रं? पेटी दाखव म्हटलं," म्हातारी म्हणाली. "तू माझी कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघतोस, देठं मोडून बघतोस, वास घेतोस. तवा मी चोर असते व्हय?"

उत्तर नसलं की माणूस रागावतो, तसा शिंपी रागावून निघून गेला.

वर्ष सरत आलं. दर पौर्णिमेला व्याज मिळे, तेही शिंपी पुन्हा पेढीतच ठेवी. कढीलिंबाला नवी पालवी फुटली, झाड शिंपीणबाईंच्या कमरेपर्यंत आलं. रोज सकाळी ती ओढ्यावरून कळशी आणून त्याला पाणी घाली आणि पायाने मातीत रेघा ओढून बघे. इथे चूल, इथे देव, इथे यांची शिवणाची बैठक.

दसऱ्याला शिंपी पेढीवर गेला. "शेटजी, पाडव्याला जागेचे पैसे द्यायचेत. ठेव काढून घ्यावी म्हणतो."

"अहो काका, तुमचेच पैसे आहेत," शेटजी म्हणाले. "फक्त पौर्णिमेपर्यंत थांबाल का? दिवाळीच्या मालात थोडे अडकलेत."

शिंपी थांबला. पौर्णिमेला शेटजी म्हणाले, "धनत्रयोदशीला लक्ष्मीच्या हातानेच घ्या ना." शिंपी पुन्हा थांबला. घरी बायकोने विचारलं, "आता तरी पेटी दाखवा म्हणालात का?"

"अगं, इतकी वर्षं गोड बोललेला माणूस. पंधरा दिवसांसाठी त्याचं मन कशाला दुखवायचं?"

धनत्रयोदशीला पेढीला भलंमोठं कुलूप होतं. दारावर तपासनिसाची लाखेची लाल मोहोर मात्र शाबूत होती.

सगळा गाव दारात जमला. तपासनिसाला बोलावलं, कुलूप तोडलं, पेटी उघडली. पेटीत एक लहानशी थैली निघाली, आदल्या दिवशी शाळेतल्या पंतोजींनी ठेवलेली. बाकी पेटीभर खण, शेले आणि झबली होती, वाटायला आणलेली. मग हळूहळू सगळं उमगलं. शेटजी काल आलेल्याच्या ठेवीतून परवा आलेल्याला व्याज देत होते, आणि त्यातूनच लाडूही खाऊ घालत होते. गाव इतकी वर्षं आपलेच पैसे व्याज म्हणून घेत होता आणि वर शेटजींना दुवा देत होता.

शिंपी तपासनिसापुढे जाऊन उभा राहिला. "राव, दर पाडव्याला तुम्ही मोहोर करत होतात. त्या मोहोरेकडे बघून आम्ही मोहरा ठेवल्या."

तपासनीस मान खाली घालून म्हणाला, "मी जायचो तेव्हा ते पाटावर बसवायचे, पुरणपोळी वाढायचे, अंगावर शेला घालायचे. जेवलेल्या घरात पेटी उघडा असं कसं म्हणायचं?"

शिंप्याने ते शब्द ओळखले. तोंडात मारल्यासारखा तो तिथेच नियमाच्या दगडावर बसला.

राजाचे शिपाई धावले आणि शेटजी सरहद्दीवरच्या धर्मशाळेत सापडले. त्यांच्याजवळही काही उरलं नव्हतं. त्यांना कैद झाली, तपासनिसाची नोकरी गेली. न्याय झाला, पण न्यायाने कुणाचं घर उभं राहत नाही. मला तर वाटतं, शेटजीसुद्धा पहिल्या वर्षी वाईट नसावेत. आठवड्यातून एकाने जरी पेटी उघडायला लावली असती, तर ती भरलेलीच राहिली असती. कुणी बघत नाही म्हटल्यावर चांगल्या माणसाचाही हात हळूहळू सैल पडतो.

कुंभार पाडव्यानंतर महिनाभर थांबला. त्याचीही मुलगी लग्नाची होती. शेवटी त्याने जागा एका तेल्याला विकली आणि इसाराच्या दहा मोहरा आपणहून शिंप्याला परत आणून दिल्या. त्या वर्षाच्या भाड्यात त्या संपल्या. तेल्याने तिथे छान दोन खोल्यांचं घर बांधलं. झाड काही त्याने तोडलं नाही. बिचारा चांगला होता.

वर्षं गेली. शिंप्याला सुईत दोरा ओवता येईना. बाजाराच्या दिवशी तो पेढीच्या दारातल्या त्याच दगडापाशी जाऊन बसू लागला. तिथे आता दुसरे पेढीवाले आले होते. ठेव घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला म्हातारा विचारी, "पेटी बघितलीत का?" लोक म्हणत, म्हातारा चळला.

एकदा एक नवं जोडपं आलं. शिंप्याने त्यांनाही अडवलं. "बाबांनो, आत गेल्यावर आधी पेटी दाखवा म्हणा."

तरुण नवरा ओशाळला. "आजोबा, आताच त्यांनी पायरीवर येऊन आम्हाला सरबत दिलं. असं कसं विचारायचं?"

बायको खाली मान घालून पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. दोघं आत गेले. शिंपी दगडाला हात टेकून उठला आणि घरी आला.

घर म्हणजे तीच भाड्याची खोली. चुलीवर आमटीची तयारी होती. शिंपीणबाई बाहेरून आल्या. त्यांच्या हातात कढीलिंबाच्या दोन काड्या होत्या.

"कुठून आणल्यास?" त्याने विचारलं, माहीत असूनही.

"तेलीणबाईंच्या दारातून. आपल्या झाडाच्या."

शिंप्याचे डोळे भरून आले. "रोज रोज त्यांच्या दारात असं कसं मागायचं गं?"

ती पानं ओरबाडता ओरबाडता थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"ज्या दिवशी हक्काने मागायचं होतं, त्या दिवशी तुम्ही माझा हात दाबलात. आता असं मागण्यावाचून दुसरं काय राहिलंय?"

तिने पानं तेलात टाकली. फोडणी चरचरली आणि खोलीभर वास पसरला.

तात्पर्य: भीड ही भिकेची बहीण. घामाचा पैसा कुणाच्या हाती देताना 'दाखवा' म्हणायला जो लाजतो, त्याला पुढे 'द्या हो' म्हणत दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.