न रडलेलं रेडकू

माणसांच्या आधी जनावरंच बोलत होती, त्या काळची ही हकिकत. हैबतराव नावाच्या रेड्याला गेंदू नावाचं रेडकू होतं. गेंदूला तळ्याची फार भीती. पोहण्याच्या शिकवणीला निघालं की त्याचे डोळे भरून यायचे.

"रेड्याच्या पोरानं रडायचं नाही!" हैबतराव दरडावायचा. गेंदू निमूटपणे रडू गिळायचा.

गिळलेलं रडू पोटात साचत गेलं आणि गेंदू फुगायला लागला. एके सकाळी तर तो हंड्यासारखा गोल होऊन उतारावरून गडगडत गेला.

"पचन बिघडलंय," हैबतराव म्हणाला. त्यानं चारा कमी केला, शिकवणी वाढवली. गेंदू आणखी फुगला आणि गोठ्याच्या दारातच अडकला. हैबतराव शिंगं लावून ढकलू लागला.

"अहो, ढकलताय काय? विचारा तरी त्याला!" आतून गेंदूची आई, म्हैस, ओरडली.

हैबतराव अवघडून खाली बसला. असं त्यानं कधी विचारलंच नव्हतं. "गेंदू, काय होतंय रे बाळा?"

"बाबा, तळ्याचा तळ दिसत नाही. भीती वाटते. रडू येतं."

"मग रड. मी इथंच बसलोय."

गेंदू असा रडला, की गोठा भरला, अंगण भरलं, शेजारच्या शेळ्या बाभळीवर चढून बसल्या. गेंदू पुन्हा रेडकाएवढा झाला. त्यानं खाली पाहिलं, तर पाय टेकतच नव्हते.

"बाबा!"

"आहे रे मी," शेजारून हैबतराव म्हणाला. मग दोघं शेळ्यांना उतरवायला पोहत निघाले.