मणियार गल्लीची सोडत

"मग गल्लीत परत का येत नाहीत हे लोक?"

ऋजुतानं उभ्या उभ्याच विचारलं. पत्र्याच्या शेडच्या दारात, पायातल्या चपलाही न काढता.

वजीरबाबा शेगडीवर वाकले होते. त्यांनी निखाऱ्यांवर फुंकर घातली. राख उडाली.

"बाबा, तुमच्याशी बोलतेय मी."

"ऐकतोय ना. बस आधी."

"बसायला वेळ नाही. पाचच्या आत यादी द्यायचीय."

सहा वर्षांपूर्वी हीच मुलगी वही-पेन्सिल घेऊन बांगडीवाल्यांच्या मणियार गल्लीत आली होती, कॉलेजच्या प्रबंधासाठी. दोन महिने बाबांच्या ओट्यावर बसली, लाखेची बांगडी करायला शिकली, बोटं भाजून घेतली. बाबा तिला चेली म्हणायचे आणि ती ते चारचौघांत मिरवायची. पुढं ती आर्किटेक्ट झाली. गल्ली पडायला आली तेव्हा नगरपालिकेनं काम तिच्याच हाती दिलं.

तिनं जीव ओतून केलं, यात शंका नाही. रस्त्याकडचे कोरीव खांब जसेच्या तसे ठेवले. मागं तीन मजली पक्की घरं. घरात नळ, घरात संडास. कोपऱ्यावर दवाखाना, वर वाचनालय, बाजूला पाळणाघर. काम होईतोवर गल्लीतली चाळीस कुटुंबं बायपासच्या कडेला या शेडमध्ये राहिली. दीड वर्षानं चाळीस किल्ल्या वाटल्या गेल्या.

नऊ कुलपं उघडली. बाकीची कुटुंबं अजून इथंच होती.

सोमवारी शेड पाडणार होते. आणि आज संध्याकाळच्या यादीत ज्या घरांत कुणी नाही असं लिहिलं जाईल, ती घरं पर्यटकांच्या निवासाला जाणार होती. एकदा गेली की गेली.

"तुम्ही एक शब्द टाका. तुमच्या शब्दाबाहेर कुणी नाही."

"असेल."

"मग टाका ना! इथं टँकरपुढं भांडी लावतात बायका. तिथं तोटी फिरवली की पाणी. वेड लागलंय का सगळ्यांना?"

बाबांनी काठीच्या टोकाला लाखेचा गोळा लावला, निखाऱ्यावर धरून फिरवला. गोळा मऊ झाला, चकाकला. त्यांनी काठी तिच्या हातात दिली.

"धर जरा."

तिनं धरली. बोलणं थांबवलं नाही.

"मला माहितेय लोक काय म्हणतात. पोरीनं चिठ्ठ्या टाकून घरं वाटली म्हणतात. टाकल्याच! नाहीतर काय करायचं होतं? सगळे बुजुर्ग तळमजला अडवून बसले असते आणि विधवा बायका गेल्या असत्या तिसऱ्या मजल्यावर. दर वेळी तेच होतं. पांढरी दाढी पुढं, बाकीचे मागं. मी म्हटलं, ते नाही चालायचं. चिठ्ठीला दाढी दिसत नाही. ज्याच्या नशिबी जे घर येईल ते. यात कुणावर अन्याय झाला सांगा. एकाचं तरी नाव सांगा!"

बाबांनी निखारे उकरले.

"आणि धंद्याचं म्हणाल, तर मैदानाशेजारी बांगड्या करायला एवढं मोठं दालन बांधलंय. पंखे आहेत, धूर ओढायची सोय आहे. एक बाई तिथं येऊन बसली नाही. एक नाही! आम्ही शिकलेल्यांनी मरमर मरायचं आणि तुम्ही म्हाताऱ्यांनी नुसत्या माना हलवायच्या."

ती दमली.

बाबांनी शांतपणे बांगडीचा लाकडी साचा पुढं सरकवला.

"आता वळव."

"काय?"

"हातात आहे ते. साच्यावर वळव."

तिनं लाख साच्याला टेकवली, दाबली. कट् असा आवाज झाला. तुकडा तिच्या चपलेजवळ पडला.

"थंड झालीय ही."

"हं."

"मग लगेच नाही का सांगायचं? हातात देऊन बसलात..."

"समज, ती काठी तू हुस्नाबीच्या नव्या दारातून उचललीस," बाबा म्हणाले. "आणि शकिलाच्या दारी पोचलीस. एवढंच झालं."

ऋजुतानं हातातल्या काठीकडं पाहिलं.

हुस्नाबी लाख मळायची. गल्लीतलं पहिलं घर तिचं. भाताखालच्या जाळावरच मळायची ती, एक डोळा भातावर ठेवून. ऊन ऊन गोळा ओट्यावरून शेजारच्या शकिलाकडं जायचा. शकिला लांब सळी ओढायची. तिसऱ्या दारात लखाऱ्यांची पार्वती ती साच्यावर वळवायची, चौथ्या दारात बांगडीवर बारीक आरसे बसायचे. कुणाला उठावं लागायचं नाही. नुसता हात लांब करायचा.

हे तिनं पाहिलं होतं. पाहिलं काय, प्रबंधात त्याचं सुंदर चित्र काढलं होतं. ओट्यावरून ओट्यावर पुढं झालेले हात. खाली एकच शब्द लिहिला होता : शेजारधर्म. परीक्षकांनी त्या चित्राची फार तारीफ केली होती.

चिठ्ठीत हुस्नाबीला तळमजला आला होता. शकिलाला पलीकडच्या जिन्यातला तिसरा मजला.

"दालनात बसायचं तर चूल घेऊन जायची का बाईनं?" बाबा म्हणाले. "पोरं घेऊन? सासू घेऊन?"

"तुम्ही... तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"आलो होतो. दोनदा."

"कधी?"

"पहिल्यांदा तू म्हणालीस, बाबा, मुद्द्यावर या."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मुद्द्यावरच आलो. म्हटलं, घरं जुन्याच क्रमानं दे. तू भरल्या सभेत म्हणालीस, बघा, आजोबांना तळमजला हवाय." बाबा किंचित हसले. "लोक खूप हसले. मीही हसलो. चांगलं बोलतेस तू."

तिला ती सभा आठवली. टाळ्यासुद्धा आठवल्या.

बाहेर टँकर आला. बायका घागरी घेऊन धावल्या. कुणीतरी ओरडलं, "ए पार्वते, माझी कळशी पुढं घे गं!" शेडच्या पुढं बायकांनी मातीचे ओटे घातले होते, एकाला एक लागून. येताना ती ते ओलांडूनच आली होती. पायाला चिखल लागला म्हणून चिडली होती.

तिनं आता चपला काढल्या. पण बसली नाही.

"सोडत रद्द करते मी."

बाबांनी खाली पडलेला लाखेचा तुकडा उचलला.

"खरंच करते, बाबा. आत्ता जाते. मुख्याधिकाऱ्यांपुढं उभी राहते, चूक माझी होती म्हणून लिहून देते. नोकरी गेली तर गेली. नऊ घरांना हात जोडते, बदलून घ्या म्हणते. सगळं जुन्या क्रमानं. पहिलं घर हुस्नाबीचं, दुसरं शकिलाचं..."

"हुस्नाबीचं?"

बाबांनी विचारलं तशी ती दाराबाहेरच्या ओट्यांकडं पाहू लागली.

"कुठं आहे हुस्नाबी?"

"वैशाखात गेली. पत्रा तापला होता. दुपारी पडली ती उठलीच नाही."

"मला... मला कुणी..."

"फोन केला होता शकिलानं."

फोन आला होता. ऋजुता तेव्हा गल्लीतल्या दिव्याच्या खांबांना कुठला रंग द्यायचा, त्याच्या बैठकीत होती. नंतर करते, असं तिनं हलक्या आवाजात सांगितलं होतं. नंतर खांबांना शेवाळी रंग लागला. फार शोभून दिसतो.

"तिची सून?" तिनं विचारलं. "सुनेला येत असेल ना मळायला?"

"सून बिस्किटाच्या कारखान्यात जाते. लाख किती तापवून मळायची ते एका हुस्नाबीच्याच हाताला कळायचं. सुनेला म्हणायची, इतकी काय घाई आहे, शिकशील सावकाश."

तिचा फोन वाजला. कार्यालयातून होता. साडेचार झाले होते. तिनं डोळे पुसले, पायात चपला सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली.

"निदान बाकीच्यांसाठी तरी... पळत गेले तर पोचेन मी. पळते, बाबा. उशीर होतोय."

वजीरबाबांनी शेजारची चटई हातानं झटकली.

"उशीर होऊन गेला, पोरी. आता घाई कशाची? बस."