बुजलेल्या वेशीतला हात

अवघडनाथ महाराज सांगवट गावी पूर्वेच्या वेशीपाशी उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट. ती वेस कित्येक पिढ्यांमागे दगड-चुन्याने बुजवलेली. आत देवी बसली आहे असे हिंदू म्हणत, पीर बसले आहेत असे मुसलमान म्हणत, आणि मुनी ध्यानात आहेत असे जैन म्हणत. बायजा कुंभारीण रोज उंबरा सारवून देवीला कुंकू वाही, गुरुवारी पिरासाठी ऊद जाळी, मुनींपुढे तांदूळ ठेवी. आत कोण, असे कुणी विचारलेच तर म्हणे, मला काय ठाऊक, मी आपली दारापुरती. किती भोळा भाव पाहा!

गावचा कोतवाल हैबतराव तिला रोज हसे. भिंतीला कुंकू लावतेस, उद्या तिला जेवायलाही वाढशील, म्हणे. त्याला पागा बांधायला चिरे हवे होते. एके सकाळी वेस फोडायला त्याने माणसे बोलावली, तर पाथरवटाला हुडहुडी भरली आणि लोहाराचा हातच दुखू लागला. तेव्हा स्वारीने स्वतः पहार उचलली.

बायजा रडत महाराजांकडे धावली. वेस गेली तर तिच्या जन्माची सेवाच बुडणार होती. महाराज म्हणाले, "बाई, घरधनी घरात आहे. तू कशाला घाबरतेस?"

इकडे हैबतरावाने एक चिरा काढला आणि आत कोण आहे ते बघू म्हणून भोकात डोके घातले. ते तिथेच अडकले. बाहेर उरले धोतर आणि वहाणा! गाव लोटला. तिन्ही धर्मांच्या लोकांनी मिळून पाय ओढले. बायजाने बिचारीने मानेवर तेलही सोडले. डोके काही हलेना.

"महाराज," आतून रडवेला आवाज आला, "कुणीतरी कान धरलाय माझा."

"मग माफी माग," महाराज म्हणाले. "मान ताठ ठेवून कान सुटत नसतो, बाबा."

हैबतरावाने मान खाली घातली, पुटपुटत माफी मागितली, आणि डोके अलगद बाहेर आले. उजवा कान लालबुंद झाला होता. तो महाराजांच्या पाया पडू लागला, तर महाराजांनी बायजाकडे बोट दाखवले. त्याने निमूटपणे तिचे पाय धरले, मग चिरा स्वतः उचलून जागेवर बसवला.

लोकांनी त्याला गराडा घातला. कान धरणाऱ्या हातात बांगड्या होत्या का? पिराची तसबीह, जपमाळ होती का? मुनींची मोरपिसांची पिंछी होती का?

हैबतराव कान चोळत वेशीपुढे पुन्हा वाकला आणि म्हणाला, "हात कुणाचा ते नाही दिसलं. कान मात्र बरोबर माझाच धरला."