दाराआधीचे खांब

फार पूर्वी, वाळवंटाच्या काठी तांबड्या कड्यांखाली वसलेल्या एका गावात एक पाथरवट राहत होता. त्या गावात थडगी बांधत नसत. ती कड्यातच कोरत, आणि तीही वरून खाली. आधी माथ्यावरची पायऱ्यांची नक्षी, मग खांबांचे माथे, मग खांब आणि अगदी शेवटी दार. दाराआड एक साधी खोली.

पाथरवटाची बायको वारली. थडगे होईपर्यंत तिला कड्याच्या पायथ्याशी वाळूत ठेवले आणि तो कामाला लागला.

दुसऱ्यांची थडगी तो वर्षभरात पुरी करी. हिचे चौथे वर्ष सरले, तरी तो खांबांच्या माथ्यांपाशीच होता. तिथल्या नक्षीतले एक पान कोरी, तासून टाकी, पुन्हा कोरी. लोक माना वर करून बघत आणि त्याच्या मायेचे कौतुक करत.

एके सकाळी त्याची म्हातारी सासू काठी टेकत आली.

"जावईबापू, खाली या. माझी मान दुखते."

"काम आहे, सासूबाई."

"दिसतंय ते. तुमच्या त्या पानांत पाखरांनी दोनदा पिलं काढली."

"तिच्यासाठीच करतोय. चांगलं नको व्हायला?"

"चांगलं झालंय. पण दार कुठंय?" म्हातारी म्हणाली. "तिला आत ठेवल्याशिवाय तिच्या नावाचं जेवण नाही, आणि त्या जेवणाला बसल्याशिवाय तिच्याविषयी बोलायचं नाही, ही आपली रीत. चार वर्षं लेक तोंडात धरून बसलेय मी. दात गेले, आता मीही जाईन."

पाथरवटाने एका पानावरची धूळ झटकली. मग खाली न बघताच म्हणाला, "दार झालं की ती आत जाईल. मग मी काय करू?"

"जेवायला या," म्हातारी म्हणाली.

त्याने उरलेली पाने ओबडधोबडच सोडली आणि तो खाली कोरत आला. खांब साधे, दार साधे. चार महिन्यांत तिला आत ठेवले.

त्या दिवशी दोघे थडग्यासमोरच्या दगडी ओट्यावर जेवायला बसले. भाकरी दुधात कुस्करत म्हातारी म्हणाली, "सात वर्षांची असताना तिनं एका शेळीला स्वतःचंच नाव दिलं होतं. शेळी काही हाकेला येईना. हाका मारून घसा बसला पोरीचा."

पाथरवटाचा घास हातातच राहिला. वीस वर्षांच्या संसारात हे त्याला कधी कळले नव्हते.

"मग?" त्याने विचारले.

म्हातारी पुढे सांगू लागली.

तात्पर्य: निरोप लांबवल्याने गेलेले माणूस जवळ राहत नाही, त्याच्या आठवणी मात्र दाराबाहेर खोळंबून राहतात.